पाण्याला ऊन दाखवणारे कोन्नो-सान

कोन्नो-सान यांना जगातल्या कुठल्याही वस्तूकडे बघून एकच प्रश्न पडायचा, की ही आता इथून कुठे जाणार? चहा गाळून झाला की गाळण्यातल्या चोथ्याकडे बघून पडायचा, आंघोळीच्या पाण्याकडे बघून पडायचा, आणि एकदा माझ्या नवऱ्याने कंगव्यातले केस खिडकीबाहेर टाकले तेव्हाही पडला. आपल्याकडे वस्तू कुठून आणली आणि केवढ्याला पडली, हे विचारायची पद्धत. मी तर पुण्याची, म्हणजे हे दोन्ही प्रश्न बाळकडूतच मिळालेले. पण वस्तू जाते कुठे, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत कोणी विचारलं नव्हतं. एम.एस्सी.ला नायट्रोजनचं चक्र बाणांसकट पाठ केलं होतं, तरी नव्हतं.

एक्क्याण्णव साली माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली आणि मी त्याच्या मागोमाग गेले. शहर उत्तरेकडचं, झाडांचं, सायकलींचं, विद्यार्थ्यांचं. आम्हाला परवडणारं घर मात्र शहराच्या पार टोकाला मिळालं. भुयारी रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनवर उतरून पुढे बस, आणि बस जिथून मागे वळते तिथे आमचा थांबा. थांब्यासमोर भातशेती, शेतांच्या वरच्या अंगाला एक तळं, तळ्यामागे डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर नव्या, एकसारख्या घरांची वसाहत. तळ्याकाठी कोन्नो-सान यांचं घर होतं आणि त्यांच्या परसात त्यांनीच भाड्याने द्यायला बांधलेली लहानशी दुमजली इमारत. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आज डोळे मिटले तर ती जागा मला नेहमी थोडी धुक्यात दिसते. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं हे कळत नाही, आणि मधेच कुठेतरी एक टोपी हलताना दिसते. ती टोपी कोन्नो-सान यांची.

तेव्हा ते सत्तरीला आले होते. उंची माझ्याएवढीच, कान भलेमोठे, गळ्यात टॉवेल आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. एकदा ते कोणाच्या तरी लग्नाला काळा सूट घालून निघाले, तर मी त्यांना ओळखलंच नाही आणि परका माणूस समजून लवून नमस्कार केला. आमचं आडनाव साने, त्यामुळे नावाला आदराचं 'सान' जोडायच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही साने-सान झालो. हे त्यांना इतकं आवडलं, की काही काम नसलं तरी ते अंगणातून दोनदा हाक मारायचे. बोलणं सेंदाईकडच्या खेड्यातलं, प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'दच्चा' लावणारं. मी पुस्तकातून जपानी शिकलेली. पहिले सहा महिने मी त्यांच्या बोलण्यातलं फक्त 'दच्चा' ओळखायची आणि बाकीचं अंदाजाने हो म्हणायची.

त्यांचं काम आपल्या भाषेत सांगायचं तर पाटकऱ्याचं. तळ्याखाली वीसेक घरांची भातशेती होती. तळ्याच्या दाराला लाकडी फळ्या होत्या. कुठल्या दिवशी किती फळ्या काढायच्या, कोणाच्या शेतात आधी पाणी सोडायचं, कोणाचं कधी बंद करायचं, हे सगळं कोन्नो-सान ठरवायचे. हे काम त्यांच्या वडिलांकडे होतं, त्यांच्याआधी आजोबांकडे. यात भांडणं होत नाहीत का, असं मी एकदा विचारलं. होतात ना, ते म्हणाले, म्हणून तर पाटकरी थोडा बहिरा असावा लागतो. एवढे मोठे कान असलेल्या माणसाने हे सांगावं याची मला फार मौज वाटली.

आमची खरी ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. पहिलीच दिवाळी. आईने पाठवलेली भाजणी, मैत्रिणीने टोकियोहून धाडलेला मसाला, आणि मी परदेशात असल्याच्या त्वेषाने तीन दिवस चकल्या, शंकरपाळे, करंज्या तळत सुटले होते. शेवटी कढईत काळं झालेलं तेल उरलं. ते नेऊन मी इमारतीमागच्या सिमेंटच्या नालीत ओतलं. नाली म्हणजे गटार, आणि गटार म्हणजे काहीही ओतायची जागा, यात मला शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही.

अर्ध्या तासाने गॅलरीतून पाहते तर कोन्नो-सान नालीत गुडघे टेकून बसलेले. भाताच्या पेंढ्याच्या जुड्या बांधून ते एकामागे एक पाण्यात आडव्या घालत होते. पाण्यावर तेलाचे निळे-जांभळे तवंग पसरले होते. जुडी तेलकट झाली की ते ती उचलायचे, बाजूला ठेवायचे आणि दुसरी घालायचे. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी खाली गेले, खूप वेळा माफी मागितली, परत वर आले, आणि काय करावं हे न सुचून बशीत चार चकल्या घालून पुन्हा खाली गेले. नालीतच उभं राहून त्यांनी चकली खाल्ली. शांतपणे, शेवटच्या कणापर्यंत. मग म्हणाले, "छान आहे. पण तेल इथून कुठे जाणार होतं?"

त्यांनी पेंढ्याची काडी घेतली आणि ओल्या मातीवर रेघा काढल्या. ही नाली. ही त्यांच्या खालच्या शेतात जाते. ते शेत त्याखालच्या शेतकऱ्याच्या, हायासाका-सान यांच्या, शेतात रिकामं होतं. तिथून ओढा, ओढ्यातून नदी, नदीतून खाडी. खाडीत कालवांची शेती. आणि ती कालवं थंडीत शहरातल्या बाजारात. शेवटची रेघ त्यांनी बाजारातून थेट आमच्या इमारतीपर्यंत आणून सोडली. मी म्हटलं, आम्ही शाकाहारी आहोत. तर म्हणाले, मग तुमच्या वाटणीचं तेल मला खावं लागणार. हे ते हसून म्हणाले, पण मला रडू आलं. त्या दिवसापासून आजतागायत मी कढईतलं तेल कुठल्याच मोरीत ओतलेलं नाही. पुण्यात मोलकरीण मला यासाठी वेडी समजते.

त्यानंतर आमच्या दाराशी झाकणाची एक बादली आली. तिथे कचऱ्याचे प्रकार आणि त्यांचे वार ठरलेले, आणि ओला कचरा जाळायच्या कचऱ्यात जायचा. कोन्नो-सान यांना ही गोष्ट सहन होत नसे. पाणी भरलेली वस्तू जाळायची म्हणजे काय, असं ते कळवळून विचारायचे. म्हणून आमची भाजीची देठं, कांद्याची सालं, नारळाची शेंडी आणि आल्याच्या चहाचा चोथा त्यांच्या खताच्या ढिगाऱ्यात जाऊ लागला. बादलीचं झाकण उघडून आधी वास घेणार, मग आज काय शिजलं होतं ते ओळखणार. तुमचा कचरा आल्यापासून माझी गांडुळं तरतरीत झाली आहेत, असं ते चारचौघांत सांगायचे. बदल्यात मुळे यायचे. माझ्या मनगटाहून जाड, हातभर लांब, पानांसकट. मी त्यांच्या पानांची भाजी, चकत्यांची कोशिंबीर आणि किसाचे पराठे करून हैराण व्हायची. मुळे संपत नसत, आणि नको म्हणायची सोय नव्हती.

एकदा त्यांच्या घरी जेवायला बसलो असताना त्यांनी आपल्या तरुणपणातली गोष्ट सांगितली. तेव्हा ते पहाटे घोडागाडी घेऊन शहरात जायचे आणि घरोघरच्या संडासांतलं सोनखत लाकडी पिंपांतून भरून आणायचे. त्यांच्या पत्नी फुमिको-सान नाकाला पदर लावावा तसा बाहीचा कोपरा लावून हसू लागल्या. जेवताना हा विषय काढू नये हे यांना मला चाळीस वर्षांत शिकवता आलं नाही, म्हणाल्या. कोन्नो-सान यांनी इकडे लक्ष दिलं नाही. कुठल्या गल्लीतलं खत चांगलं, कुठल्या घरातले लोक नीट जेवत नव्हते, हे त्यांना पिंपावरून कळायचं. वर्षाच्या शेवटी ते त्या घरांना भात आणि मुळे द्यायचे. पुढे शहरात मोठी गटारं आली, गाडी बंद झाली आणि खताची पोती आली. पोती दूरच्या देशांतून बोटीने येतात आणि शहरात गेलेलं सगळं नळातून समुद्रात जातं. "पूर्वी शहराचं आणि शेताचं येणं-जाणं होतं," ते म्हणाले, "आता नुसतं जाणं उरलंय." मी एम.एस्सी.च्या दोन वर्षांत जे शिकले, ते हा माणूस वाटीतलं सूप पिता पिता बोलून गेला होता.

माझ्या शिक्षणाचा विषय निघालाच आहे, तर सांगते. मी तेव्हा विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत अर्धा दिवस काचेची भांडी धुण्याचं काम करत होते. त्याला तिथे 'बाइतो' म्हणतात. पुण्याच्या पत्रांत मी त्याला 'संशोधनसाहाय्य' म्हणायची. श्रीकांत सोडला तर ही थाप फक्त कोन्नो-सान यांना माहीत होती. त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. भांडी धुतलेलं पाणी कुठे जातं, एवढं मात्र त्यांनी तिसऱ्याच दिवशी विचारलं.

पाण्याच्या बाबतीत त्यांची एक जगावेगळी पद्धत होती. तळ्यातलं पाणी ते सरळ शेतात घेत नसत. बांधाला लागून त्यांनी एक उथळ, वळणावळणाचा चर खणला होता. पाणी त्यातून शेताला पूर्ण वेढा घालून मग आत शिरायचं. डोंगरातलं पाणी थंड असतं, एकदम अंगावर आलं तर रोप दचकतं, म्हणून त्याला आधी ऊन दाखवायचं. हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे, की वाटावं, घरात नवी सून आणताहेत. शेजारचे लोक पाइप टाकून मोकळे झाले होते. कोन्नो-सान मात्र दुपारी त्या चरात हात बुडवून बसायचे, आणि हाताला पटलं की मगच आतलं दार उघडायचे.

तळ्याची खरी गोष्ट मला हळूहळू कळली. त्या तळ्याला नदी नव्हती, ओढा नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी एक झरा होता, त्यावर ते भरायचं. डोंगरावर दाट झाडी होती तेव्हा पाऊस वर पडायचा आणि महिन्या-महिन्यांनी खाली यायचा. डोंगर पाणी पोटात ठेवायचा, कोन्नो-सान सांगायचे, आणि आपण मागितलं की द्यायचा. मग डोंगराचा माथा कापून सपाट केला, रस्ते झाले, घरं झाली. आता पाऊस पडला की तासाभरात सगळं पाणी एका जाड नळातून गढूळ होऊन धडधडत यायचं आणि तळ्याला वळसा घालून थेट नदीत जायचं. तळ्याच्या वाट्याला थेंब नाही. वसाहतीतले लोक वाईट नव्हते. ते रविवारी तळ्यावर यायचे, बदकांना पाव टाकायचे आणि किती सुंदर जागा आहे म्हणायचे.

शेतकऱ्यांच्या मंडळात दर हिवाळ्यात एक प्रश्न निघायचा, की तळं बुजवून तिथे घरं बांधायला जागा द्यायची का. शेतीत पोटं भरत नव्हती, मुलं शहरात नोकरीला लागली होती, आणि खाली नदीवरून पंपाने पाणी उचलता येत होतं. पण झरा वाहतो आहे, तळं भरलेलं आहे, तोवर कशाला, असं म्हणून दर वेळी तो प्रश्न पुढच्या वर्षावर जायचा. कोन्नो-सान त्या बैठकीहून आले की दोन दिवस फार उत्साहात असायचे. फळ्यांना तेल लावायचे, काठावरचं गवत कापायचे. त्यांच्यासाठी ते तळं काय होतं, हे मी सांगायला नको. मुलगा ओसाकाला होता, तो परत येणार नव्हता. तळं मात्र दर वसंतात भरत होतं, आणि त्याला त्यांची गरज होती.

आणि मग त्र्याण्णवचा उन्हाळा आला, म्हणजे आलाच नाही. जूनमध्ये समुद्रावरून यामासे नावाचा वारा सुटला. गार, ओला, धुक्याने भरलेला. असा वारा चार-सहा दिवस वाहतो आणि थांबतो. त्या वर्षी तो थांबला नाही. जुलै उलटला तरी मी स्वेटर घालून बसथांब्यावर उभी राहत होते. शेतं दिसायची नाहीत, फक्त बेडकांचे आवाज ऐकू यायचे आणि तेही अडखळत. कपडे वाळत नव्हते. दिवस उजाडायचा, पण वर यायचा नाही. मला ते सगळं स्वप्नात घडल्यासारखं वाटायचं, आणि थोडं आवडायचंही, हे आज सांगायला लाज वाटते. माझं काही जाणार नव्हतं.

भाताच्या पोटात लोंबी धरते त्या दिवसांत थंडी पडली तर दाणा भरत नाही, कणीस वांझ राहतं. त्यावर एकच इलाज असतो. शेतात खूप पाणी भरायचं, वीतभर खोल, म्हणजे कोवळी लोंबी पाण्याच्या उबेत राहते. जुलैच्या मध्यावर सगळे शेतकरी कोन्नो-सान यांच्या दारात आले. एकाच वेळी सगळ्यांना खोल पाणी हवं होतं. त्यांनी सगळ्यांना उद्या सांगतो म्हटलं. मी पहिल्यांदाच त्यांना उद्यावर टाकताना पाहिलं.

त्या संध्याकाळी ते आमच्या दाराशी आले. बूट न काढता उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि प्रयोगशाळेतला एक चांगला थर्मामीटर दोन दिवसांसाठी मिळेल का, असं विचारलं. त्यांच्या हाताला आता खात्री वाटत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी रीतसर परवानगी काढून एक लांब दांड्याचा थर्मामीटर आणला आणि आम्ही दोघं तळ्याकाठी गेलो. आकडे मी वाचायचे आणि त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहायचे, असं ठरलं. शेतातलं पाणी एकोणीस अंश. तळ्याच्या दाराशी सोळा. मग मी सहज म्हणून तळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, लव्हाळ्यांच्या मागे थर्मामीटर घातला आणि पारा खाली सरकत तेरावर जाऊन थांबला. मी पुन्हा वाचलं. पाणी तिथे खालून हलत होतं. लव्हाळी बाजूला केली तर एक काळा रबरी पाइप दिसला.

मी कोन्नो-सान यांच्याकडे पाहिलं. ते लिहायचं थांबले होते.

गेली दोन वर्षं सकाळी स्वयंपाक करताना मला एक बारीक घरघर ऐकू यायची. मी एकदा विचारलं होतं, तर फुमिको-सान यांनी लोणच्याच्या थंड कपाटाचा आवाज आहे असं सांगितलं होतं. तो कपाटाचा आवाज नव्हता. परसातल्या खोपटात कूपनलिकेवर पंप होता. झरा तीन वर्षांपूर्वीच आटला होता, ते म्हणाले. तेव्हापासून कोन्नो-सान जमिनीखालचं पाणी उपसून ते तळं भरत होते, कोणालाही न सांगता, म्हणजे तळं बुजवायचा प्रश्न दर हिवाळ्यात पुढच्या वर्षावर जाईल. चांगल्या उन्हाळ्यात ते पाणी तळ्यात पडल्या पडल्या तापायचं आणि काही बिघडायचं नाही. या वर्षी ऊनच नव्हतं. तेच पाणी वीतभर खोल सोडलं असतं, तर वीस घरांचं भात त्यांच्याच हाताने गारठलं असतं.

आम्ही तिथेच काठावर बसलो. धुकं इतकं होतं की समोरचा काठ दिसत नव्हता. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता, आणि यांतलं काहीच करणं तिथे बसत नव्हतं. मी आपली थर्मामीटर पुसत राहिले. हवं तर मी आकडा कोणाला सांगणार नाही, असं मी म्हणाले. खरं तर ते म्हणायला नको होतं. त्यांनी कॅलेंडरच्या कागदावर तेरा लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

"साने-सान," ते म्हणाले, "पाणी मी लपवू शकलो. त्याची थंडी लपवता येणार नाही. ती भातात दिसेल."

त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना घरी बोलावलं. फुमिको-सान यांच्या मदतीला म्हणून मी स्वयंपाकघरात चहा ओतत होते, सरकत्या दाराच्या फटीतून मला अर्धी खोली दिसत होती. कोन्नो-सान यांनी फार थोडक्यात सांगितलं. झरा नाही, पंप आहे, तीन वर्षं झाली. तळ्याचं पाणी घेऊ नका, नदीचं उचला, ते वरच्या उथळ पात्रातून येतं म्हणून जास्त उबदार आहे. पंप लावायला एक दिवस लागेल, पण अजून वेळ गेलेली नाही. एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. फुमिको-सान यांच्या हातातली किटली मी काढून घेतली.

शेवटी हायासाका-सान बोलले. ते मंडळाचे प्रमुख, खालच्या सगळ्यांत मोठ्या शेताचे मालक, आणि तळं बुजवावं असं दर वर्षी मांडणारेही तेच.

"कोन्नो-सान, डोकं वर करा. पंपाचा आवाज आमच्याही घरी येतो."

त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तीन हिवाळे ते सगळे जण झरा वाहतो आहे ना, मग राहू द्या, असं म्हणून चहा पिऊन घरी जात होते. फक्त ते पाणी किती थंड आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी पुण्याची आहे, आमच्याकडे असा माणूस सापडला तर त्याला पहिल्याच आठवड्यात चौकात उभा करून जाब विचारला असता. तिथे वीस घरांनी मिळून एका म्हाताऱ्याचं खोटं तीन वर्षं सांभाळलं होतं. कोन्नो-सान यांनी डोकं वर केलं तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला नाही, मधे हायासाका-सान यांची पाठ होती.

दुसऱ्या दिवसापासून नदीकाठी पंप बसले आणि धुक्यात दिवसभर त्यांचा गलका चालला. कोन्नो-सान सगळ्यांच्या बांधावर होते, हात पाण्यात घालून. आपल्या शेताची पाळी त्यांनी शेवटी लावली आणि ती येईपर्यंत आणखी सहा दिवस गेले. सप्टेंबरमध्ये बहुतेकांना निम्मं-अर्धं पीक मिळालं. त्या वर्षी उत्तरेकडे कित्येक गावांत तेवढंही मिळालं नाही, दुकानांत बाहेरच्या देशांतला लांब दाण्याचा तांदूळ आला आणि आमच्या ओळखीचे सगळे जपानी तो कसा शिजवायचा हे मला विचारू लागले. कोन्नो-सान यांच्या शेतात लोंब्या सरळ उभ्या होत्या. भरलेली लोंबी वाकते. मी त्यांना काहीतरी बोलायला गेले, तर ते म्हणाले, पेंढा उत्तम आला आहे, पुढच्या वर्षीचं खत झकास होणार.

तळं बुजवायचा प्रश्न त्या वर्षी हिवाळ्यापर्यंत थांबला नाही. ऑक्टोबरच्या बैठकीत तो कोन्नो-सान यांनी स्वतःच मांडला. ज्या डोंगराला पाणी धरता येत नाही, त्याच्या पायाशी तळं ठेवून आपण खेळतो आहोत, आणि त्यासाठी मी खालचं पाणी वर काढतो आहे, ते तरी कुठून आलं असेल, असं ते म्हणाले. हे मला हायासाका-सान यांनी नंतर बसथांब्यावर सांगितलं. सगळ्यांत आधी हात कोन्नो-सान यांनीच वर केला. बाकीच्यांना हात वर करायला फार जड गेलं, म्हणाले. त्या रात्री मी श्रीकांतपाशी खूप रडले. त्याने समजूत घालायचा प्रयत्न केला, की शास्त्रीयदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. बरोबर आहे हे मलाही कळत होतं.

आम्ही पुढच्या मार्चमध्ये सेंदाई सोडलं. निघताना त्यांच्या घरी जेवलो, फोटो काढले, फुमिको-सान यांनी लोणच्याची बरणी दिली. पण मला ते शेवटचं भेटणं वाटत नाही. तळं रिकामं केलं त्या दिवशीचे कोन्नो-सान माझ्यापाशी राहिले आहेत.

ती नोव्हेंबरमधली सकाळ होती. धुकं होतं, पण वरून ऊन उतरू लागलं होतं, त्यामुळे सगळं दुधासारखं उजळलेलं. मी बससाठी निघाले तर कोन्नो-सान तळ्याच्या दाराशी उभे. एकटेच. बाकीचे लोक दुपारी मासे पकडायला येणार होते. ते एकेक फळी काढत होते आणि काढलेली फळी धुऊन काठावर नीट ओळीने ठेवत होते. शेवटची फळी निघाली तसं पाणी पाटात उतरलं. जुलैपासून तळ्याचं पाणी सोडलं नव्हतं, त्यामुळे पाट कोरडा होता, तळाला पानं आणि चिखलाच्या खपल्या. पाण्याची पुढची कड त्यावरून सावकाश, चाचपडत सरकू लागली.

आणि कोन्नो-सान पाटात उतरून त्या कडेच्या पुढे उलटे चालू लागले. तोंड पाण्याकडे, पाठ वाटेकडे. हातातल्या दाताळ्याने ते मागची पानं बाजूला करायचे, एक पाऊल मागे जायचे आणि पाणी येईपर्यंत थांबायचे. पाणी आलं की पुन्हा एक पाऊल. चालायला शिकणाऱ्या मुलासमोर आपण उलटे चालतो, तसे. मी रस्त्यावरून त्यांच्या बरोबरीने चालत होते. त्यांनी मला पाहिलं असावं, पण हाक मारली नाही. ते बोलत होते. सेंदाईकडच्या बोलीत, हळू आवाजात, मला कळत नव्हतं, फक्त 'दच्चा, दच्चा' एवढं ऐकू येत होतं. हायासाका-सान यांच्या शेतापाशी पाणी एका खड्ड्यात अडलं, तर ते वाकून थांबले. खड्डा भरला, पाणी पुढे निघालं, तेही निघाले.

बस आली. मी मागच्या खिडकीशी बसले. तिथून नदी दीड-दोन किलोमीटरवर होती, आणि पाणी त्या चालीने दुपारपर्यंतही तिथे पोहोचणार नव्हतं. शेतांच्या मधोमध टोपी एकेका पावलाने मागे सरकत होती. पाटाला जिथे वळण होतं तिथे ते न बघताच वळले. मग बस वळली.